निरनिराळ्या भाषांत आभार मानताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, शिक्षण, पर्यटन किंवा परदेशी असलेल्या मुलांकडचा मुक्काम, अशा निमित्तांनी मराठी माणसाचा आज अनेक भाषांशी संबंध येतो, आणि त्या भाषांतला पहिला शब्द म्हणून बहुधा आभाराचा शब्द शिकला जातो. त्याविषयी आणि आपल्या मराठीतल्या आभाराविषयी जे प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. परभाषांतले शब्द देवनागरीत जितक्या जवळ नेता येतील तितके नेले आहेत. तरी नेमका उच्चार त्या भाषेच्या माणसाकडूनच ऐकून घ्यावा.

परक्या भाषेतला एक शब्द पाठ केला, तर तेवढ्यावर भागत नाही का?

दुकानात आणि टॅक्सीत भागते, आणि तेवढा एक शब्दही न शिकता जाण्यापेक्षा तो शिकून गेलेले केव्हाही चांगले. पण हा शब्द कोणी, कोणाला, कशाबद्दल आणि कितीदा म्हणायचा, हे प्रत्येक भाषेने आपापल्या परीने ठरवलेले असते. पोर्तुगीज बोलणाऱ्याला स्वतःच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलावा लागतो, व्हिएतनामीत समोरच्या माणसाचे वय पाहावे लागते, हाँगकाँगमध्ये आपल्याला वस्तू मिळाली की सेवा मिळाली याचा विचार करावा लागतो, आणि जर्मनीत तर चुकीच्या क्षणी आभार मानले तर समोर आलेला चहा परत जातो. म्हणून शब्दाबरोबर तो वापरण्याचा प्रसंगही शिकून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे.

मराठीत 'धन्यवाद' आणि 'आभार' यांत काही फरक आहे का?

अर्थाच्या दृष्टीने फारसा नाही, वापरात मात्र आहे. 'आभार' हा शब्द मराठीत नेहमी अनेकवचनी चालतो आणि त्याच्याबरोबर 'मानणे' हे क्रियापद येते. 'तुमचे आभार मानतो', 'सर्वांचे आभार मानले' अशी त्याची रचना आहे. 'धन्यवाद' मात्र दिले जातात आणि ते ज्याला द्यायचे त्याला चतुर्थी लागते, म्हणून 'तुम्हाला धन्यवाद' हे बरोबर. अलीकडे 'तुमचे धन्यवाद' किंवा 'धन्यवाद मानतो' असे सर्रास लिहिले जाते. त्यातला पहिला प्रयोग हिंदीच्या वळणाने आलेला दिसतो आणि दुसऱ्यात दोन रचनांची सरमिसळ झाली आहे. गुजरातीत हाच 'आभार' एकवचनी असतो, तेथे 'तमारो आभार' म्हणतात. त्यामुळे मुंबईत दोन्ही भाषा बोलणाऱ्यांकडून मराठीत 'तुमचा आभार' असेही कधी ऐकू येते.

'आभारी' हे विशेषण बदलत नाही, परंतु त्याच्या मागचे सर्वनाम बोलणाऱ्याप्रमाणे बदलते. पुरुष 'मी तुमचा आभारी आहे' म्हणतो, स्त्री 'मी तुमची आभारी आहे' म्हणते. छापील पत्रांत स्त्रीच्या सहीवर 'आपला आभारी' असे राहून जाते, तेवढे तपासून घ्यावे. तसेच 'मनःपूर्वक' या शब्दातला विसर्ग गाळू नये. तो जड वाटत असेल तर सरळ 'मनापासून आभार' लिहावे, ते अधिक आपलेपणाचेही वाटते.

'उपकार' आणि 'मेहेरबानी' हे शब्द वापरावेत का?

जपून वापरावेत. 'तुमचे फार उपकार झाले' हे खरोखर मोठ्या मदतीनंतर, म्हणजे अडीअडचणीला कोणी धावून आल्यावर, शोभते. किरकोळ कामासाठी ते म्हटले तर ऐकणाऱ्याला टोमणा वाटण्याचा संभव असतो, आणि 'मोठी मेहेरबानी झाली' हा प्रयोग तर मराठीत बहुतेक वेळा रागानेच केला जातो. हिंदी, पंजाबी आणि सिंधी भाषांत 'मेहरबानी' साध्या आभारासाठी प्रामाणिकपणे वापरतात. एखाद्या पंजाबी दुकानदाराने पैसे घेताना 'मेहरबानी जी' म्हटले, तर त्यात कसलाही खोचक अर्थ नसतो.

जुन्या मराठी घरांत कोणी कोणाचे आभार मानत नसे. मग आपण कृतज्ञता व्यक्त करण्यात कमी पडतो का?

हा प्रश्न फार लोक विचारतात आणि पुष्कळदा थोड्या ओशाळेपणाने विचारतात. त्या ओशाळेपणाला कारण नाही. आईने ताट वाढले म्हणून मुलगा आभार मानत नसे, कारण आभार परक्याचे मानायचे असतात अशी समजूत होती आणि आईला परके करणे कोणालाच रुचले नसते. चिनी भाषिक कुटुंबांतही घरच्या माणसाने उठल्याबसल्या आभार मानले, तर 'इतका परकेपणा कशाला' असेच म्हणतात.

घरातली कृतज्ञता मराठीने दुसरीकडे ठेवली होती, आणि त्यासाठी भाषेत शब्दांचा मोठा साठा आहे. केलेल्याची जाण ठेवणे, खाल्ल्या मिठाला जागणे, उतराई होणे, आईबापांचे पांग फेडणे, या सगळ्या प्रयोगांत बोलणे कमी आणि करणे जास्त आहे. 'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी हे ऋण फिटणार नाही' असे जुनी माणसे म्हणत, तेव्हा ते शब्दही ऋण फेडता येत नाही एवढेच सांगत. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करणे आणि त्यांनी 'औक्षवंत हो' म्हणणे, या देवघेवीत आभार आणि त्याचे उत्तर दोन्ही येऊन जातात.

ज्यांना शब्द कळत नाहीत त्यांचेही आभार मानण्याची रीत आपल्याकडे आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात आणि विदर्भात त्याच्या कानाशी 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे म्हणतात. दुसऱ्या दिवशी बैलाला जू लावत नाहीत, त्याला पुरणपोळी खाऊ घालतात. खंडेनवमीला हत्यारे, अवजारे, शिवणयंत्रे आणि आता संगणकही पुजले जातात. कोकणातून आलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल ज्यूंचा 'मलिदा' हा विधी याच जातीचा आहे. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी गूळ आणि नारळ घातलेले पोहे आणि फळे ताटात मांडून हिब्रू प्रार्थना म्हणतात आणि प्रेषित एलियाहू हन्नवी यांचे स्मरण करतात. यातले बरेच लोक आज इस्रायलमध्ये आहेत आणि दुकानात आभारासाठी हिब्रू 'तोदा' म्हणतात, पण मलिद्याचे ताट त्यांनी सोडलेले नाही.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी. घरच्यांना शब्द नको हे खरे, परंतु ज्या ताई रोज भांडी घासायला येतात, जे दादा जिना झाडतात, जो मुलगा पाचव्या मजल्यावर गॅसचा सिलिंडर चढवतो, ते घरचे नाहीत आणि त्यांच्यासाठी आपण सण किंवा पूजाही ठेवलेली नाही. त्यांना 'बरं झालं ताई, आज तुम्ही आलात' एवढे तरी म्हणायला हवे. साहेबाला न चुकता धन्यवाद देणारा माणूस येथे गप्प राहतो, हे आम्हाला खटकते.

जगात इतरत्र लोक खरोखर उठताबसता आभार मानतात का?

मानत नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाच खंडांतल्या आठ भाषांमधील घरगुती आणि शेजारपाजारच्या बोलण्याच्या चित्रफिती तपासल्या होत्या. मीठ दे, दार लाव, जरा इकडे सरक, अशी विनंती कोणी पुरी केल्यावर आभाराचा शब्द उच्चारला जाण्याचे प्रमाण सरासरीने वीस वेळांत एकदा एवढेच निघाले. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे त्यात पुढे होते, तरी तेही सात वेळांत एकदाच्या आसपास. लाओसमधली लाओ, घानामधली सिवू, पोलिश, रशियन आणि ऑस्ट्रेलियातील मुरिनपाथा याही भाषा त्यात होत्या. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातील चापला या भाषेत तर आभाराचा रूढ शब्दच नाही, आणि तरीही तेथली माणसे एकमेकांची कामे इतरांइतकीच करतात. बहुतेक विनंत्या सर्वच भाषांत मुकाट्याने पुऱ्या केल्या जातात, कारण शेजाऱ्याने मागितले तर द्यायचे, हे सगळ्यांनी धरूनच चाललेले असते. मराठी घरातली आभाराविना चालणारी देवघेव यापेक्षा वेगळी नाही.

गोव्यात काय म्हणावे?

'देव बरें करूं' म्हणावे. देव तुमचे बरे करो, असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि तो मराठी कानाला लगेच कळतो. ख्रिस्ती समाजात हा प्रयोग विशेष रूढ असला तरी बाजारात, बसमध्ये, कार्यक्रमांत तो सगळेच वापरतात. सभांच्या कोंकणी वृत्तांतात 'उपकार मानले' असे छापलेले आढळते. मराठीत 'उपकार' शब्दाला जे वजन आहे ते तेथे नाही, त्यामुळे ते वाचून गोंधळून जाऊ नये. जुन्या ख्रिस्ती घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून पोर्तुगीज 'ओब्रिगाद' अजून कधीकधी ऐकू येते. गोव्यात जाऊन हिंदीत 'शुक्रिया' म्हणणारे मराठी पर्यटक आम्ही पुष्कळ पाहतो. शेजारच्या भाषेतले तीन शब्द शिकायला काहीच कष्ट नाहीत.

शेजारच्या इतर राज्यांत?

कन्नडमध्ये 'धन्यवादगळु' आणि तेलुगूत 'धन्यवादालु' म्हणतात. दोन्ही रूपे अनेकवचनी आहेत, जशी आपल्याकडे 'आभार' आणि 'धन्यवाद दिले' ही. बेळगाव, सोलापूर किंवा नांदेडच्या सीमाभागातल्या माणसाला ही सांगावी लागत नाहीत. हिंदीत 'धन्यवाद' आणि 'शुक्रिया' दोन्ही चालतात, भाषणात पहिला आणि बोलण्यात दुसरा अधिक. बंगालीत 'धोन्नोबाद' असा उच्चार होतो.

तमिळमध्ये शब्द निराळा आहे. 'नन्ऱि' असा तो लिहितात आणि 'नन्ड्रि' असा साधारण उच्चार होतो. 'फार आभारी' म्हणायचे तर 'रोंब नन्ड्रि'. मल्याळममधला 'नन्दि' त्याचाच भाऊबंद. रोजच्या व्यवहारात चेन्नईतही 'थँक्स' भरपूर ऐकू येते, परंतु या शब्दामागे मोठी परंपरा उभी आहे. तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ नीतिग्रंथातले अकरावे प्रकरण संपूर्णपणे कृतज्ञतेवर आहे. त्यातल्या एका कुरळाचा, म्हणजे दोन ओळींच्या पद्याचा, आशय असा की, दुसऱ्याने केलेले चांगले विसरणे चांगले नव्हे, आणि दुसऱ्याने केलेले वाईट त्याच दिवशी विसरणे चांगले. शेवटच्या कुरळात सांगितले आहे की इतर कोणतेही चांगुलपण मारणाऱ्याला सुटकेचा मार्ग असेल, कृतघ्न माणसाला तो नाही. तमिळ मुलांना हे शाळेत पाठ असते, म्हणून त्यांच्यापुढे आपण 'नन्ड्रि' म्हणालो की त्यांचा चेहरा खुलतो.

लडाखमध्ये 'जुले' हा एकच शब्द नमस्कार, निरोप आणि आभार या तिन्हीसाठी चालतो. मेघालयात खासी भाषेत 'खुब्लेइ' आणि मिझोराममध्ये 'का लॉम ए' म्हणतात.

बोलणारा किंवा ऐकणारा बदलला की शब्द बदलतो, तो कोठे?

पोर्तुगीजमध्ये पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो आणि स्त्री 'ओब्रिगादा' म्हणते. समोर कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मराठीतल्या 'तुमचा आभारी' आणि 'तुमची आभारी' यांसारखीच ही गोष्ट असल्याने आपल्याला ती पटकन उमगते. थायलंडमध्ये 'खॉप खुन' हे दोघांसाठी समान असते आणि त्याच्या शेवटी पुरुष 'ख्रप' व स्त्री 'खा' हा आदराचा शब्द जोडते. तेथे हात जोडून केलेला नमस्कारही आहे. तो लहानाने मोठ्याला आधी करायचा असतो, त्यामुळे दुकानातल्या मुलीने हात जोडले तर हसून मान लववणे पुरेसे होते.

अरबीत 'शुक्रन' सगळ्यांना चालते, परंतु 'ईश्वर तुला याचे चांगले फळ देवो' या अर्थाचा प्रयोग पुरुषाला उद्देशून 'जझाकल्लाहू खैरन' असा आणि स्त्रीला उद्देशून 'जझाकिल्लाहू खैरन' असा होतो. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत एका माणसाला 'असांते' आणि अनेकांना 'असांतेनी' म्हणतात.

व्हिएतनामी भाषा मराठी माणसाला विशेष जवळची वाटावी. तेथे 'काम अन' एवढ्यावर कोणी थांबत नाही. पुढे नात्याचा शब्द जोडावा लागतो. थोड्या मोठ्या पुरुषाला दादा, थोड्या मोठ्या स्त्रीला ताई, त्याहून मोठ्यांना काका किंवा आत्या, लहानाला धाकटे भावंड, अशी ती मांडणी आहे आणि ती अनोळखी माणसालाही लागू पडते. भाजीवाल्या मावशींना 'मावशी' म्हटल्याशिवाय आपले वाक्य पुरे होत नाही, तसेच हे आहे.

जपानी लोक आभारांच्या बाबतीत फार काटेकोर असतात, हे खरे का?

खरे आहे, आणि जपानी कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ते समजून घेतले तर त्यांचे बरेच अवघडलेपण कमी होईल. ओळखीच्या बरोबरीच्या माणसाला 'अरिगातो' चालते, पण वरिष्ठाला, ग्राहकाला किंवा अनोळखी माणसाला 'अरिगातो गोझाइमास' म्हणावे लागते. काम चालू असेल तर हे रूप, आणि काम पुरे झाले असेल तर 'अरिगातो गोझाइमाश्ता' हे भूतकाळी रूप. मराठीत आपण आभाराला काळ लावत नाही, म्हणून हा भेद सुरुवातीला निसटतो.

दुसरी गोष्ट 'सुमिमासेन' या शब्दाची. तो क्षमा मागण्यासाठी आहे असे पुस्तकात शिकवतात, आणि मग कोणी आपल्यासाठी लिफ्टचे दार धरले असता जपानी माणूस क्षमा का मागतो, हे नवख्याला कळत नाही. तो क्षमा मागताना आपल्यामुळे तुम्हाला तसदी पडली याची जाणीव बोलून दाखवत असतो. याला मराठीत तंतोतंत जोड आहे. पाहुणचार घेऊन निघताना उंबऱ्यावर चपला घालता घालता आपण 'उगीच त्रास दिला तुम्हाला' म्हणतो आणि यजमान 'त्रास कसला त्यात, पुन्हा या' म्हणतात. येथेही कोणी खरी क्षमा मागत नसते. ही वाक्ये आपल्याकडचे आभारच आहेत, आणि मराठीत आभाराचा शब्द कमी वापरतात असे म्हणणाऱ्यांनी ती मोजायला हवीत.

तिसरी गोष्ट पुन्हा आभार मानण्याची. जपानमध्ये कोणी जेवू घातले तर त्याच वेळी आभार मानायचे असतातच, शिवाय पुढच्या भेटीत 'परवा आपण केलेत त्याबद्दल आभार' असा उल्लेख करायचा असतो. तो राहिला तर माणूस विसराळू ठरतो. नॉर्वेतही ही रीत आहे. 'तक फॉर सिस्त', म्हणजे मागच्या वेळेबद्दल आभार, हे तेथे पुढच्या भेटीतले अगदी नेहमीचे वाक्य आहे.

'अरिगातो' हा शब्द पोर्तुगीज 'ओब्रिगादु'वरून आला, असे ऐकतो. ते बरोबर आहे का?

नाही. पोर्तुगीज लोक जपानच्या किनाऱ्याला १५४३ साली प्रथम लागले. ज्यापासून 'अरिगातो' घडला ते 'अरिगाताशि' हे विशेषण, म्हणजे जे सहसा घडत नाही असे, त्याच्या कित्येक शतके आधीच्या जपानी साहित्यात आहे. ध्वनींचे साम्य हा योगायोग आहे.

हाँगकाँगमध्ये आभाराचे दोन शब्द का आहेत?

कँटोनी भाषेत भेटवस्तू, मेजवानी किंवा स्तुती मिळाली तर 'दो जे' म्हणतात, आणि कोणी आपले काम केले, वाट दिली, पाणी आणून दिले तर 'म् गोई' म्हणतात. वेटरने चहाची किटली ठेवली तर 'म् गोई'. त्या चहाचे पैसे मित्राने भरले तर 'दो जे'. वाढदिवसाची भेट घेऊन 'म् गोई' म्हटले तर कानाला चूक लागते. हाच 'म् गोई' वेटरला हाक मारायलाही उपयोगी पडतो, म्हणून पर्यटकाने आधी तो शिकावा.

चहाच्या टेबलावरची तिसरी रीत बोलण्याची नाहीच. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतत असता, गप्पा न थांबवता, तर्जनी आणि मधले बोट किंचित वाकवून त्यांनी टेबलावर दोनतीनदा हलकेच टकटक करतात. छिएनलुंग हा चिनी सम्राट वेष पालटून फिरत असता त्याने आपल्या सेवकाला चहा ओतून दिला, आणि गुपित फुटू नये म्हणून सेवकाने साष्टांग नमस्काराऐवजी बोटे वाकवली, अशी आख्यायिका याबाबत सांगतात. आख्यायिकेचे खरेखोटे काही असो, रीत अतिशय सोयीची आहे, कारण दर खेपेस बोलणे तोडून आभार मानावे लागत नाहीत.

जर्मनीत आभार मानल्यावर चहा परत का गेला?

कारण जर्मनीत कोणी काही देऊ केले असता नुसते 'डांके' म्हणणे म्हणजे बहुधा 'नको' म्हणणे होय. हवे असेल तर 'बिटे' किंवा 'या, गेर्ने' म्हणावे, आणि कप हातात आल्यावर 'डांके' म्हणावे. फ्रेंचमध्ये 'मेर्सी'च्या बाबतीतही हा घोटाळा होतो. आपल्याकडे पहिल्यांदा 'नको नको' म्हणून यजमानाच्या आग्रहाची वाट पाहण्याची सवय असते; तेथे आग्रह दुसऱ्यांदा होईलच असे नाही, हे लक्षात ठेवून हवे ते सरळ मागावे.

जेवणानंतर यजमानाला काय म्हणावे?

मराठीत पंगत उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणण्याची चाल आहे आणि ती टिकावी असे आम्हाला मनापासून वाटते. त्यात वाढणाऱ्याबरोबर पिकवणाराही येतो. तुर्की लोक स्वयंपाक करणाऱ्याला 'एलिनिझे साऽलिक' म्हणतात, म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो. इराणी लोक कोणत्याही हातच्या कामाबद्दल 'दस्तेत दर्द नकोने', तुझा हात न दुखो, असे म्हणतात आणि त्याला उत्तर येते 'सरेत दर्द नकोने', तुझे डोके न दुखो. जपानमध्ये जेवण सुरू करताना 'इतादाकिमास' आणि संपल्यावर 'गोचिसोसामा देश्ता' म्हणतात. नॉर्वेत मुले टेबलावरून उठताना आईवडिलांना 'तक फॉर माटेन', जेवणाबद्दल आभार, असे म्हणतात, आणि हे घरातल्या घरात रोज चालते. सुगरणीच्या हाताचे नाव घेऊन 'हाताला चव आहे हो तुमच्या' असे म्हणणे हा मराठीतला याच तोलाचा प्रयोग आहे. परदेशी पाहुण्याने मराठी घरी काय म्हणावे असे कोणी विचारले, तर आम्ही 'धन्यवाद'च्या आधी हेच वाक्य शिकवतो.

आभार मानताना देवाचे नाव कोठे कोठे येते?

गोव्याचे 'देव बरें करूं' वर आलेच. रशियन 'स्पासीबा' हा शब्द 'देव तुला राखो' या अर्थाच्या दोन शब्दांचा जोड आहे, परंतु आज बोलणाऱ्याच्या मनात तो अर्थ नसतो. मराठीत 'देव तुमचं भलं करो' हे अजून पूर्ण अर्थाने म्हटले जाते आणि विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ते ऐकताना आभारापेक्षा आशीर्वाद मिळाल्याचे समाधान होते.

कोणी आपले आभार मानले, तर उत्तर काय द्यावे?

'तुमचे स्वागत आहे' असे म्हणू नये. इंग्रजी उत्तराचा तो शब्दशः उतारा आहे आणि मराठीत दारात आलेल्या पाहुण्याचेच स्वागत होते. आपली उत्तरे 'अहो, आभार कसले', 'त्यात काय एवढं', 'असू द्या हो' अशी आहेत. स्पॅनिशमध्ये 'दे नादा', काहीच नाही, म्हणतात. चिनी लोक 'बू खछी' म्हणतात, त्यात पाहुण्यासारखे वागू नका असा भाव आहे. इंडोनेशियात 'तेरिमा कासिह' म्हटल्यावर 'सामा सामा' असे उत्तर येते, म्हणजे तुमचेही तसेच. स्वाहिलीत मात्र 'करिबू' म्हणतात आणि त्याचा अर्थ खरोखरच स्वागत असा आहे.

सभेत आभारप्रदर्शन माझ्याकडे दिले आहे. काय सांभाळावे?

हे काम शेवटी येते, श्रोते उठण्याच्या तयारीत असतात, आणि कार्यकर्त्यांनी मागच्या खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात केलेली असते. म्हणून आभार थोडक्यात आणि नेमके असावेत. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, देणगीदार हा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो, त्यासाठी एकेक वाक्य पुरते. उरलेला वेळ अशा माणसांना द्यावा ज्यांचे नाव दिवसभरात कोणी घेतलेले नाही. सतरंज्या घालणारे, ध्वनिक्षेपक सांभाळणारे, चहा करणाऱ्या बाया, सभागृहाची किल्ली घेऊन पहाटे आलेले शिपाई. प्रत्येकाच्या नावापुढे त्याने काय केले ते सांगितले, तर ते आभार पोहोचतात. 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार' म्हटल्याने अज्ञात माणूस अज्ञातच राहतो, म्हणून आधी चौकशी करून नावे लिहून घ्यावीत. 'मी आभार मानणार नाही, आपल्या ऋणातच राहणे पसंत करीन' हे वाक्य एके काळी सुंदर होते. दर सभेत ऐकून त्याचा अर्थ झिजला आहे. 'औपचारिकता म्हणून आभार मानतो' असे तर कधीही म्हणू नये, कारण त्याने मानलेले आभार त्याच वाक्यात परत घेतले जातात.

परदेशात वाढणारा नातू दर पोळीला 'थँक यू आजी' म्हणतो. त्याला थांबवावे का?

थांबवू नये. तो जेथे वाढतो आहे तेथे हा शब्द न म्हणणे उद्धटपणाचे समजले जाते आणि त्याच्या मनात परकेपणा मुळीच नसतो. आजीला तो शब्द टोचत असेल, तर त्याचे कारण तिला आणि मुलालाही समजावून सांगावे. त्याच्या जोडीला मराठी रीतही द्यावी. 'आजी, पोळी मऊ झाली आहे, अजून एक वाढ' हे वाक्य त्याला शिकवले तर आजीला हवे ते सगळे त्यात मिळते. मॉरिशसमधल्या मराठी घरांत क्रिओल 'मेर्सी' आणि मराठी नमस्कार पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आले आहेत. दोन्ही ठेवता येतात.

पत्राच्या किंवा ईमेलच्या शेवटी 'आगाऊ धन्यवाद' लिहावे का?

लिहू नये असे आमचे मत आहे. काम होण्यापूर्वीच आभार मानले की ते काम समोरच्याने करायलाच हवे असा दाब पडतो, आणि 'आगाऊ' या शब्दाला मराठीत उर्मटपणाचाही अर्थ चिकटलेला आहे. विनंतीच्या पत्रात 'आपण यात लक्ष घालावे, ही विनंती' एवढे लिहून 'कळावे, लोभ असावा' असा शेवट करावा. काम झाल्यावर मात्र वेगळे पत्र, मग ते दोन ओळींचे का असेना, त्याच आठवड्यात पाठवावे, आणि त्यात नेमके कोणते काम झाले व त्याचा आपल्याला काय उपयोग झाला, हे लिहावे.